मालक आणि मानकरी

मराठी समीक्षेने काव्य, नाटक व कादंबरी ह्यांची जेवढी चिकित्सा केली तेवढी लोकरंजनाच्या प्रकारांची केली नाही. आणि जी केली ती बहुधा नाक मुरडून. तमाशाला साहित्याच्या ओसरीवर येऊन बसण्यास किती काळ लागला हे सर्वश्रुत आहे. दूरचित्रवाणीवरील 'रिॲलिटी शो' तर अद्याप अंगणातच उभा आहे. त्याला हात धरून माजघरात आणावे असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत ह्या प्रकाराच्या एका शाखेने मालक आणि नोकर ही दोन अतिशय जुनी पात्रे नव्या नेपथ्यात उभी केली, कोट्यवधी घरांत त्यांचा संवाद पोचविला आणि शेवटी त्यांतील एका पात्राला रंगमंचावरून उतरवून थेट राज्यपदावर बसविले. एवढे सामर्थ्य ज्या नाट्यप्रकारात आहे त्याची घडण तपासून पाहणे हे समीक्षकाचे काम आहेच.

ही शाखा म्हणजे व्यापारउदिमाच्या स्पर्धांची. तिचा मूळ नमुना 'द ॲप्रेंटिस' ८ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर प्रथम झळकला. त्याचा निर्माता मार्क बर्नेट ह्याने चार वर्षांपूर्वी 'सर्व्हायव्हर' ह्या कार्यक्रमाने त्या देशाला वेड लावले होते. 'सर्व्हायव्हर'मध्ये दूरच्या बेटावर सोडलेली माणसे मतदान करून आपल्यातल्याच एकाला घालवीत. तेथे कपट होते, कंपूशाही होती, तरी मत होते. 'ॲप्रेंटिस'मध्ये बेटाच्या जागी न्यूयॉर्क शहर आले आणि मत नाहीसे झाले. टेबलापलीकडे बसलेला एकच मनुष्य काय ते ठरविणार. दोन्ही कार्यक्रमांचा निर्माता एक, दोहोंतही दर आठवड्याला एक जण गळणार. पण पहिल्यातले गणराज्य मोडून दुसऱ्यात राजसत्ता स्थापन झाली, आणि प्रेक्षकांना ती अधिक स्वाभाविक वाटली. कारण सरळ आहे. गणराज्य आपल्या वाट्याला पाच वर्षांतून एकदा येते. मालक रोज येतो.

पहिल्या पर्वात सोळा उमेदवार होते. पुरुषांचा एक संघ व स्त्रियांचा एक. पहिले काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबाचे सरबत विकण्याचे. उच्च विद्यापीठांच्या पदव्या मिरविणारे तरुण पेले हातांत घेऊन वाटसरूंच्या मागे धावत होते, ह्यात विनोद होता, पण त्याखाली धडधडही होती. कारण अखेरीस जो उरेल त्याला वर्षाला अडीच लक्ष डॉलर वेतनाची नोकरी मिळणार होती. ती बिल रॅन्सिक ह्यास मिळाली व शिकागोतील ट्रम्प ह्यांच्या गगनचुंबी इमारतीचे काम पाहण्याची जबाबदारी त्याने पत्करली.

ह्या नाट्याचा कळसाध्याय सभागृहात घडतो. हरलेला संघ मालकासमोर हजर होतो. आता त्या संघाचा जो प्रमुख असेल त्याने आपल्या सहकाऱ्यांपैकी बहुधा दोघांना निवडायचे, आणि त्या तिघांतून एकाला मालक काढून टाकणार. ह्या एका नियमात ह्या प्रकाराची सारी नाट्यबुद्धी साठलेली आहे, असे माझे मत आहे. मालकाच्या क्रोधाला बळी लागतो. पण बळी आणून देण्याचे काम बळींपैकीच एकावर सोपविलेले आहे. कालपर्यंत ज्याच्याबरोबर सरबत विकले त्याच्याकडे आज बोट दाखवावे लागते. बोट दाखविणाऱ्याने जरा दया दाखविली, दुबळ्याऐवजी दुसऱ्याच कोणाला आणले, तर ती दयाच त्याचा गुन्हा ठरते. ज्यांनी कचेरीत आयुष्य काढले आहे त्यांना हा प्रसंग अपरिचित नाही. वरिष्ठाचा राग स्वतःवरून दुसऱ्यावर कसा उतरवावा ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नसून सर्वत्र शिकविली जाते. 'ॲप्रेंटिस'च्या कर्त्यांनी ती विद्या उघड्यावर मांडली, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र त्या सभागृहाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ते सभागृह खरे नव्हते. ट्रम्प टॉवरमध्येच, पण चित्रीकरणासाठी मुद्दाम उभारलेले ते नेपथ्य होते. गडद लाकूड, मंद प्रकाश, मध्ये मालकाची खुर्ची, दोन्ही बाजूंस सल्लागार. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ह्या कार्यक्रमाच्या संकलकांनी पुढे, २०१९ च्या सुमारास, जाहीरपणे सांगितले की मालकाचा निर्णय कधीकधी इतका अकस्मात येई की जो काढला गेला तो अपात्रच होता असे दिसावे म्हणून मागील चित्रफीत नव्याने जुळवावी लागे. म्हणजे आधी शिक्षा, मागाहून अपराध. रहस्यकथेचा लेखक शेवट आधी ठरवून मागे मागे लिहीत येतो, त्याला आपण दोष देत नाही. कारण त्याने न्याय दिल्याचा दावा केलेला नसतो. इथे दावा न्यायाचाच होता. प्रेक्षक मानीत होता की मालक कठोर आहे पण पारखी आहे. ही पारख मालकाची नव्हती. संकलकाच्या खोलीत रात्री जागून ती त्याला बहाल करण्यात आली होती. त्या मालकाच्या कॅसिनो कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे दर आठवड्याला तो इतरांच्या व्यवहारज्ञानाची झडती घेत असतानाच, दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला होता, ही नोंदही इथे करून ठेवतो.

कठोर मालक ही भूमिका आहे आणि ती सर्वांना पेलत नाही, हे अनुकरणांवरून सिद्ध झाले. २००५ मध्ये मार्था स्ट्यूअर्ट ह्यांना घेऊन एक आवृत्ती निघाली. गृहव्यवस्था व पाककला ह्या क्षेत्रांत त्यांचे नाव घरोघरी होते आणि त्या नुकत्याच कारावास भोगून बाहेर आल्या होत्या; नाट्यदृष्ट्या केवढे समृद्ध पात्र! परंतु त्यांनी उमेदवाराला निरोप देताना सौम्य शब्द वापरले, मागाहून त्याला पत्रही लिहिले. एका पर्वात तो खेळ आटोपला. २०१७ मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगर ह्यांनी आपल्या चित्रपटांतला आविर्भाव घेऊन ती खुर्ची भूषविली. तेही एकच पर्व. यंत्रमानवाचा क्रूरपणा पडद्यावर शोभतो, पण नोकरावर रागावण्यासाठी माणूसच लागतो.

इंग्लंडात मात्र भूमिकेला दुसरा खरा नट मिळाला. फेब्रुवारी २००५ मध्ये बीबीसीने ॲलन शुगर ह्यांना पुढे आणले. पूर्व लंडनच्या हॅकनी भागात वाढलेल्या ह्या माणसाने १९६८ साली 'ॲमस्ट्रॅड' ही कंपनी काढली. ट्रम्प ह्यांना धंदा वडिलांकडून आला होता. शुगर ह्यांनी तो मोटारींच्या एरियलींपासून उभा केला. ह्या फरकाचा परिणाम दोघांच्या खेकसण्यातही ऐकू येतो. ट्रम्प ह्यांचा राग सोनेरी कठड्यावरून खाली येतो; शुगर ह्यांचा राग म्हणजे ज्याला एकेक पेनी ठाऊक आहे अशा दुकानदाराचा राग. शिवाय बीबीसीवर जाहिराती नसल्यामुळे उमेदवारांना दिलेले काम हे निदान काम असते. अमेरिकेत कंपन्या पैसे मोजून आपला माल ह्या कामांत शिरवीत, तेव्हा पुष्कळदा स्पर्धेची कामगिरी म्हणजे स्पर्धकांकडून करवून घेतलेली जाहिरातच असे.

पण इंग्रजी आवृत्तीनेही एक गोष्ट उघडी केली. २०१० च्या विजेतीने पुढे तक्रार केली की आपल्याला मिळालेल्या नोकरीत खरे कामच नव्हते; तिने न्यायाधिकरणाकडे दाद मागितली व २०१३ मध्ये तो दावा फेटाळला गेला. कायद्याने निकाल दिला, तो मान्यच आहे. दरम्यान २०११ पासून बक्षिसाचे स्वरूपच बदलून नोकरीऐवजी अडीच लक्ष पौंडांची भागीदारी देण्यात येऊ लागली. म्हणजे कार्यक्रमाचे नाव 'शिकाऊ उमेदवार' राहिले आणि उमेदवारी संपली.

इथे आपल्या वाचकांशी थोडे घरगुती बोलतो. महाराष्ट्राबाहेरची आपली पुष्कळशी घरे नोकरीच्या पायी वसली. कोणाचा पणजोबा संस्थानी कारकून, कोणाचे आजोबा रेल्वेत, कोणाचे वडील बँकेत. बदली, बढती, पेन्शन ह्या शब्दांवर आपले पंचांग चालले. अशा घरात 'काढून टाकले' हा शब्द मोठ्याने उच्चारीत नसत. मराठीने त्यासाठी केवढी आडवळणे शोधली आहेत पाहा: घरी बसविले, रजा दिली, आणि सर्वांत मार्मिक म्हणजे नारळ दिला. नारळ हा खरे तर सन्मानाचा. निरोप देतानाही तोच हातात ठेवायचा. त्या शब्दयोजनेत उपरोध आहे, पण लाजही आहे, देणाऱ्याची लाज. 'ॲप्रेंटिस'ने नारळ काढून घेतला आणि त्या जागी बोट ठेवले. बोट रोखून दोन शब्द फेकले की प्रेक्षक टाळ्या पिटतात. ते दोन शब्द आपल्या मालकीचे व्हावेत म्हणून ट्रम्प ह्यांनी २००४ मध्ये त्यांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेण्याची खटपटही केली. मुंबईत १९८२ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर होते आणि त्यांतील कित्येकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही; त्यांच्यावर असे बोट कोणी रोखले नव्हते, नुसते दार उघडले गेले नाही. खऱ्या बेकारीला संवाद नसतो. ह्या कार्यक्रमाने तिला संवाद दिला, प्रकाश दिला, आणि हातात चाकांची सुटकेस देऊन टॅक्सीत बसविले. टॅक्सीत बसलेला तरुण 'मी अजून करून दाखवीन' असे म्हणतो, आणि घरात बसलेला नोकरदार सुटकेचा श्वास टाकतो: आज आपली पाळी नव्हती.

आता मानकऱ्यांकडे वळू. पाच-सहा पर्वांनंतर अमेरिकेतील प्रेक्षक ओसरू लागला, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये सामान्य उमेदवारांच्या जागी नामवंत आले: नट, गायक, मुष्टियोद्धा, जिम्नॅस्ट, पत्रकार. प्रत्येकाने एका धर्मादाय संस्थेसाठी खेळायचे. पहिले काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हॉट डॉग विकण्याचे. वरवर पाहता तेच सरबत, तीच हातगाडी. पण नामवंताने आपल्या धनाढ्य मित्रांना फोन लावला की एका पावाचे मोल हजारो डॉलर होते. अशा रीतीने विक्रीची कसोटी ओळखीच्या कसोटीत विरघळली. व्यापाराचे उरलेसुरले सत्य गेले, असा आक्षेप घेता येईल. पण मला उलटेही वाटते. धंद्यात ओळखीला काय भाव आहे हे २००४ च्या सरबताने लपविले होते, ते २००८ च्या पावाने सांगून टाकले.

खरी अडचण निराळी आहे. नामवंताला नोकरी नकोच आहे. त्याला काढून टाकले तर त्याची भाकरी जात नाही. मग मालकाच्या बोटात जोर कोठून यावा? कर्त्यांनी ह्याचे उत्तर शोधले ते असे: भाकरीऐवजी आब पणाला लावायची. आपल्या कीर्तनपरंपरेत गर्वहरणाची आख्याने आहेत. गरुडाचा गर्व उतरतो, भीमाचा उतरतो. हनुमंताची शेपटी उचलता उचलत नाही आणि श्रोते प्रसन्न होतात. मानकरी-पर्वाचा रस नेमका हा आहे. ज्यांच्या सह्या घेण्यासाठी आपण रांगेत उभे राहतो ते रात्री अकराला टेबलापुढे घाम पुसत उभे आहेत, ह्यात एक आदिम समाधान आहे. फरक इतकाच की आख्यानात गर्व उतरविणारा स्वतः निरहंकारी असतो, म्हणून तो उतरल्यावर प्रसाद मिळतो. इथे गर्व उतरविणाऱ्याचा गर्व त्या खोलीत सर्वांहून उंच. म्हणून प्रसाद नाही, धनादेश आहे.

तरीही काही प्रसंग कसाला उतरतात. २००९ च्या पर्वात जोन रिव्हर्स ही पंचाहत्तरीची विनोदी नटी आपल्या मुलीसह स्पर्धेत होती. मुलीला काढल्यावर ती आई संतापाने तेथून निघून गेली. पुढे परतली आणि पोकरपटू ॲनी ड्यूक हिला हरवून जिंकली. ह्या स्त्रीला सारे आयुष्य रंगमंचावर काढून दुसऱ्या कोणाचे बोट सहन करण्याची सवय उरली नव्हती, आणि तरी तिला जिंकायचे होते. वयाच्या त्या टप्प्यावरची ती भूक पाहताना करमणूक थांबते आणि माणूस दिसू लागतो. २०११ मध्ये मीट लोफ हा गायक चित्रकामाचे रंग व सामान आपल्याच सहकाऱ्याने पळविले अशा समजुतीने गॅरी ब्यूसी ह्या नटावर तुटून पडला. सामान सापडले तेव्हा त्याचा राग लटका पडला. रंगाच्या नळ्यांवरून दोन वृद्ध कलावंतांचे हे भांडण हसू आणते आणि नंतर घशात अडकते. परंतु ह्याच्याच अलीकडे, २००९ मध्ये, डेनिस रॉडमन ह्या बास्केटबॉलपटूच्या मद्यपानाचा विषय सभागृहात काढून सहकाऱ्यांकरवी त्याची समजूत घालण्यात आली. हितोपदेशच तो, पण कॅमेऱ्यासमोर, आणि शेवटी काढून टाकण्याच्या निर्णयासह. आजार हा अपात्रतेचा पुरावा म्हणून वापरला गेला की समीक्षकाने रसचर्चा बाजूस ठेवावी. ते वाईट होते.

इंग्रजांनी ह्या बाबतीत शहाणपण दाखविले. तेथे नामवंतांची आवृत्ती धर्मादाय निधीसंकलनाच्या निमित्ताने, २००७ पासून, मोजक्या भागांपुरती झाली. मूळ स्पर्धा अनोळखी माणसांचीच राहिली. पहिल्याच खेपेस रूपर्ट एव्हरेट हा नट खेळ अर्धवट टाकून चालता झाला. त्याने राजीनामा दिला असे म्हणणे अधिक योग्य. आणि मालकाला न विचारता उठून जाता येते, हा मानकऱ्याचा खरा विशेषाधिकार त्याने बजावला. नोकराला तो कोठून असणार?

आपल्याकडे हा साचा जसाच्या तसा रुजला नाही. २० डिसेंबर २०२१ रोजी सुरू झालेला 'शार्क टँक इंडिया' हा दुसऱ्या घराण्याचा. त्याचे मूळ २००१ मधील एका जपानी कार्यक्रमात आहे. तेथे खुर्चीत बसलेले भांडवलवालेच प्रसिद्धी पावतात आणि येणारा अनोळखी असतो. नामवंत आणि मालक ही दोन पात्रे एकाच देहात आली. पहिल्या पर्वात अश्नीर ग्रोव्हर ह्यांच्या फटकळपणाची देशभर नक्कल झाली, दुसऱ्या पर्वात ते दिसले नाहीत. दरम्यान मार्च २०२२ मध्ये त्यांना स्वतःच्याच 'भारतपे' कंपनीतून बाहेर पडावे लागले होते. पण त्या पर्वातला माझ्या स्मरणात राहिलेला माणूस वेगळा आहे. मालेगावकडचा एक शेतकरी तरुण फवारणीसाठी स्वतः बनविलेली गाडी घेऊन आला होता. पाठीवरच्या पंपाने औषध अंगावर उडते, ते टाळण्यासाठी त्याने ती घडविली होती. पीयूष बन्सल ह्यांनी त्याला चाळीस टक्के हिश्श्याच्या मोबदल्यात दहा लाख आणि बिनव्याजी वीस लाखांचे कर्ज देऊ केले. तो संकोचाने बोलत होता, मोडक्या हिंदीत, मधूनच मराठी वळणावर जात. आणि त्याच्या बोलण्यातली एकही गोष्ट पाठ केलेली नव्हती. चाळीस टक्के हा हिस्सा थोडा म्हणता येणार नाही. दया आणि व्यवहार एकाच कागदावर आले की कोणाची सही वर असते, हे पाहण्यासाठी डोळे कोरडे ठेवावे लागतात.

मराठीत कठोर यजमान आला तो 'बिग बॉस'च्या निमित्ताने, आणि तेथे त्याने घेतलेली नावे अभ्यासण्यासारखी आहेत. २०२१ मध्ये महेश मांजरेकर आठवड्याच्या अखेरीस झाडाझडती घेत, तिला 'चावडी' म्हणत. २०२४ मध्ये रितेश देशमुख आले, तेव्हा तिचा 'भाऊचा धक्का' झाला. मराठी कानाला मालकाची खुर्ची रुचली नाही असे दिसते. दटावणारा हवा, पण तो गावचा पाटील हवा किंवा थोरला भाऊ हवा. त्याच्या शब्दाने मान खाली जावी, चूल विझू नये.

अमेरिकेतील मालकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. जून २०१५ मध्ये, निवडणुकीच्या घोषणेच्या वेळी त्यांनी मेक्सिकन स्थलांतरितांविषयी जे उद्गार काढले त्यांमुळे एनबीसीने त्यांच्याशी संबंध तोडले. जानेवारी २०१७ मध्ये ते अध्यक्ष झाले. खोट्या सभागृहाने खऱ्या सभागृहाचा मार्ग कितपत सुकर केला ह्याचा हिशेब इतिहासकार मांडोत. माझे लक्ष एका दुय्यम पात्राकडे जाते. ओमरोसा मॅनिगॉल्ट ही पहिल्या, २००४ च्या पर्वातील उमेदवार. तिच्या कलहप्रियतेमुळे ती स्वतःच नामवंत झाली आणि २००८ व २०१३ च्या पर्वांत मानकऱ्यांच्या पंक्तीस बसली. तिन्ही वेळा तिला काढून टाकण्यात आले. मालक अध्यक्ष झाल्यावर तिला व्हाइट हाउसमध्ये पद मिळाले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तेथूनही तिला काढले. ह्या खेपेस टेबलापलीकडे मालक नव्हता. त्याचा मुख्याधिकारी जॉन केली होता, आणि खोली होती राष्ट्राच्या संरक्षणाची खलबते जेथे होतात ती. कॅमेरा नव्हता. पण एवढी वर्षे ह्या नाट्यात वावरलेल्या ओमरोसाने ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा तिला फोन आला, तोही तिने मुद्रित केला. त्यात मालक म्हणतो की तू चाललीस हे मला कोणी सांगितलेच नाही, आणि तू जावीस हे मला आवडलेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ह्या दोन्ही ध्वनिफिती जगाने ऐकल्या. त्या ऐकविल्या गेल्या एनबीसीवरच.